पाण्याखालचा पहिला नियम : श्वास रोखू नका

पाठपिशवी घेऊन कोकणात उतरलेली तरुण मंडळी आता मालवण-तारकर्लीला स्कूबा डायव्हिंग शिकतात. पाठीवरच्या टाकीत ऑक्सिजन असतो, असा अनेकांचा समज असतो. प्रत्यक्षात तिथे दाबून भरलेली साधी हवाच असते. ती आजूबाजूच्या पाण्याइतक्या दाबाने तोंडात सोडण्याचं काम 'रेग्युलेटर' करतो. कूस्तो आणि गान्यां या फ्रेंच जोडीने १९४३ मध्ये तो आधुनिक रूपात आणला.

समुद्रात दर १० मीटरला दाब एका वातावरणाने वाढतो. म्हणजे १० मीटरवर तो पृष्ठभागाच्या दुप्पट. बॉइलच्या नियमानुसार तिथे भरलेली फुप्फुसं श्वास रोखून वर आणली, तर आतली हवा दुप्पट जागा मागेल आणि फुप्फुस फाटू शकेल. म्हणून श्वास अखंड चालू ठेवायचा. खाली जाताना कानाचे पडदे आत दाबले जातात. नाक चिमटीत धरून हलकेच हवा फुंकली की दाब समान होतो. दुखू लागलं तर थोडं वर यावं, जोर करू नये.

दाबाखाली नायट्रोजनही रक्तात जास्त विरघळतो. झटकन वर आलं, तर सोड्याची बाटली उघडल्यासारखे त्याचे बुडबुडे होतात. म्हणून सावकाश वर यायचं. विमानातही हवेचा दाब कमी असतो. अनेक डायव्ह झाले असतील, तर उड्डाणाआधी किमान १८ तास थांबावं. परतीचं तिकीट त्या हिशेबानेच काढा.