हात धरू नका, कोपर द्या

आमच्या विभागात एक अंध सहकारी रुजू होणार, हे कळलं तेव्हा विभागप्रमुख या नात्यानं मी सगळ्यांना बजावलं, ‘त्यांना कसलाही त्रास होता कामा नये.’ मी ते पाळलंही. खिडकीजवळचं टेबल दिलं. ते दारात दिसले, की शिपाई हात धरून त्यांना जागेवर नेऊन बसवी. चहा टेबलावर जाई. काम मात्र जात नसे. त्यांच्या वाटच्या फायली मी इतरांत वाटून टाकल्या होत्या. दोन महिने हे गृहस्थ दहा ते साडेपाच नुसते बसून होते आणि आम्ही आपल्याच चांगुलपणावर खूश!

मग वरून परिपत्रक आलं. दिव्यांग सहकाऱ्यांबरोबर कसं वागावं, याचं एक दिवसाचं प्रशिक्षण. ‘आता हेही शिकायचं का?’ अशी कुजबुज झाली. त्यात मीही होतो.

शिकवायला आलेल्या बाई स्वतः अंध होत्या. आमच्या डोळ्यांवर पट्ट्या बांधतील, असं वाटलं होतं. त्या हसून म्हणाल्या, ‘पट्टीनं तुम्हाला फक्त भीती कळेल. काठीनं फिरायला शिकलेला माणूस असा घाबरलेला नसतो.’

मग साध्या गोष्टी निघाल्या. अंध माणसाला ओढू नये. आधी विचारावं आणि आपलं कोपर पुढं करावं. तो ते धरून अर्धं पाऊल मागून चालतो. पायरी आली, वळण आलं, हे आपल्या हालचालीवरून त्याला समजतं. जवळ गेल्यावर आपलं नाव सांगावं, उठताना ‘निघतो’ म्हणावं, नाहीतर बिचारा रिकाम्या खुर्चीशी बोलत राहतो. कर्णबधिराशी ओरडून नव्हे, त्याच्याकडे तोंड करून बोलावं. चाकाच्या खुर्चीला विचारल्याशिवाय हात लावू नये.

कायद्याचंही त्यांनी सांगितलं. १९९५ च्या कायद्यात अपंगत्वाचे सात प्रकार होते, २०१६ च्या कायद्यात ते २१ झाले. सरकारी नोकऱ्यांतला राखीव वाटा किमान ३ टक्क्यांवरून ४ टक्क्यांवर गेला. कामासाठी लागणारी वाजवी सोय करून देणं ही कार्यालयाची जबाबदारी ठरली.

शेवटी त्यांनी विचारलं, ‘तुमच्या त्या सहकाऱ्यांकडे कोणतं काम आहे?’

कोणीच बोललं नाही. मी तर मान खाली घातली.

दुसऱ्या दिवशी मी त्यांच्या टेबलाशी गेलो, नाव सांगितलं आणि विचारलं, ‘काम करायला तुम्हाला काय लागेल?’

‘संगणकावर स्क्रीन रीडर, म्हणजे पडद्यावरचा मजकूर मला ऐकू येईल. तो फुकटही मिळतो, साहेब. पत्रं स्कॅन करून हवीत. आणि हो, फायली!’

दोन महिन्यांत हा प्रश्न त्यांना कोणी विचारलाच नव्हता.

आता विभागाचा पत्रव्यवहार तेच पाहतात. गेल्या आठवड्यात माझ्याच मसुद्यातल्या दोन चुका दाखवून त्यांनी तो परत पाठवला. क्षणभर राग आला, खोटं कशाला सांगू? मग वाटलं, गृहस्थ आज खऱ्या अर्थानं रुजू झाले.