रिकामा तास

तळ्यात माझी भाची संगणक कंपनीच्या मुलाखतीसाठी वेळांची गणितं सोडवते. मी तिला आजारी आईजवळ बसण्याच्या पाळ्या दिल्या : 12 ते 2, 9 ते 1, 3 ते 6, 10 ते 11.

"मामू, 100 पाळ्या असत्या तर 4950 जोड्या तपासाव्या लागतील. त्यापेक्षा सुरुवातीच्या वेळेप्रमाणे ओळीनं लावायच्या, मग एकच फेरी पुरते."

ओळ लावली. मी म्हणालो, "11 ते 12 नानी एकटी!"

"नाही. 9ला बसलेली खाला 1पर्यंत आहेच. आतापर्यंतच्यांत सर्वांत उशिरा उठणारं माणूस लक्षात ठेवायचं. त्याच्यानंतर पुढची पाळी सुरू झाली, तरच खंड."

खंड 2 ते 3. आम्ही पाळ्या वाटल्या, पण हा तास कुणालाच दिसला नव्हता. तो आता माझा.