खोक्यातलं स्वयंपाकघर

स्वयंपाकघराची कपाटं आता खोक्यातून घरी येतात. सपाट, पुठ्ठ्याची, जड खोकी. आत मापात कापलेल्या आणि भोकं पाडलेल्या फळ्या, एका पिशवीत लाकडी खुंट्या, स्क्रू, बिजागऱ्या आणि एक वाकडी षटकोनी चावी. बाकीचं काम तुमचं. महिनाभर सुतार घरात ठेवणं ज्यांना परवडत नाही, किंवा ज्यांच्या गावात हल्ली सुतारच वेळेवर मिळत नाही, त्यांच्यासाठी ही सोय चांगली आहे. ती निवडायची कशी आणि जोडायची कशी, याविषयी आज थोडं बोलू या.

कल्पना तशी जुनीच. आपल्याकडचे पलंग आणि पाळणे खुंट्या काढल्या की सुटे होत आणि गाडीत घालून दुसऱ्या गावी नेता येत. युरोपात मिखाएल थोनेट यांची १८५९ सालची वाकवलेल्या लाकडाची खुर्ची सुट्या भागांत रवाना होई. एक घनमीटरच्या पेटीत अशा ३६ खुर्च्या मावत. सपाट खोक्यांचा मोठा व्यापार स्वीडनच्या आयकिया कंपनीने १९५० च्या दशकात उभा केला. ती २०१८ मध्ये हैदराबादला आणि २०२० मध्ये नवी मुंबईत तुर्भ्याला आली. देशी कंपन्याही अशी कपाटं विकतात. ती स्वस्त पडण्याचं कारण साधं आहे. रिकाम्या कपाटातली हवा ट्रकमधून वाहून न्यावी लागत नाही, आणि जोडणीची मजुरी वाचते.

पण ही कपाटं ज्या देशांत रुळली, तिथे स्वयंपाकघराच्या फरशीवर बादलीभर पाणी ओतत नाहीत. मी कोकणातला. आमच्याकडे वर्षाला तीन हजार मिलिमीटरहून जास्त पाऊस पडतो आणि जून ते सप्टेंबर भिंतीही ओल्या लागतात. २०२१ च्या जुलैत वाशिष्ठीचं पाणी चिपळुणात शिरलं आणि ओसरलं, तेव्हा रस्त्यावर काढून टाकलेल्या सामानात फुगून फाटलेली कपाटं मी पाहिली. भुश्शाची फळी पाण्यात गेल्यावर तिचं काय होतं, हे समजायला त्या दिवशी जाणकाराची गरज नव्हती. पूर मात्र क्वचित येतो. सिंकखालचा थेंब रोज येतो आणि तेच काम सावकाश करतो.

म्हणून दुकानात गेल्यावर दाराची चकाकी आधी पाहू नका. दार पुढे बदलता येतं. आधी विचारा, आतला सांगाडा कशाचा आहे. सगळ्यात स्वस्त असते ती पार्टिकल बोर्डाची, म्हणजे लाकडाचा भुसा आणि डिंक दाबून केलेली फळी. एमडीएफमध्ये लाकडाचे तंतू असतात. ती गुळगुळीत दिसते, पण साधी एमडीएफही पाण्याला तोंड देऊ शकत नाही. ओल सोसणाऱ्या फळ्या वेगळ्या मिळतात. त्यांचा गाभा कधी हिरवट असतो, पण तो निव्वळ ओळखीसाठी घातलेला रंग आहे. गुण डिंकात असतो, रंगात नाही. प्लायवुडमध्ये एमआर म्हणजे दमटपणापुरता, बीडब्ल्यूआर म्हणजे त्याहून टिकाऊ, आणि ज्याच्यावर आयएस ७१० छापलेलं असतं तो मरीन दर्जाचा.

सगळं स्वयंपाकघर मरीन प्लायचं करा, असं मी म्हणणार नाही. मग स्वस्ताई कुठे राहिली? भिंतीवरची कपाटं कोरड्या जागी असतात. तिथे चांगल्या पार्टिकल बोर्डावर भागतं. सिंकखालचं कपाट आणि त्याच्या शेजारचं, एवढी दोन मात्र चांगल्या प्लायची घ्या. पैसे उरले तर ते बिजागऱ्यांवर आणि ड्रॉवरच्या चॅनेलवर घाला. खाऱ्या हवेत आधी गंजतात ती हीच. स्टीलच्या जाळ्या घेताना विक्रेता चुंबक लावून दाखवतो आणि म्हणतो, बघा, चिकटत नाही. पण २०२ नंबरच्या हलक्या स्टीललाही ते सहसा चिकटत नाही. ३०४ नंबरात निकेल जास्त असतं, ते गंजाला अधिक टिकतं. बिलावर नंबर लिहून घ्या.

दुसरी गोष्ट रुंदीची. तीन फुटी कपाट ऐसपैस दिसतं, पण आपल्या फळ्यांवर काचेचे पेले नसतात. तांदळाचे, पिठाचे, तेलाचे डबे असतात. फळी त्याच जाडीची ठेवून रुंदी ६०० मिलिमीटरवरून ९०० केली आणि ती तशीच भरली, तर तिचा बाक दीडपट नव्हे, पाचपट होतो. म्हणून धान्यासाठी अरुंद कपाट घ्या. गॅसचा सिलिंडर ज्या कपाटात ठेवाल, त्याला तळाची फळी लावूच नका. भरलेल्या सिलिंडरचं वजन फळीवर नको, फरशीवर असू दे. शिवाय हा गॅस हवेपेक्षा जड. गळला तर खाली साचतो. त्या कपाटाला अगदी तळाशी झरोके हवेत, आणि रेग्युलेटरपर्यंत हात सहज पोचला पाहिजे.

आता उंची. याविषयी मला जरा कळकळीने बोलायचं आहे. तयार कपाट साधारण ७२० मिलिमीटरचं, खाली १०० चे पाय, वर दगड. म्हणजे ओटा ८४० ते ८६० पर्यंत जातो. हे माप कोणत्या बाईचं? आमच्या भाभी जेमतेम पावणेपाच फूट आहेत. नव्या ओट्यावर तांदळाची भाकरी थापताना त्या पाटावर उभ्या राहतात, आणि घरातल्या पुरुषांना ओटा फार ‘स्टँडर्ड’ वाटतो. जी व्यक्ती रोज रांधते तिने सरळ उभं राहून हात कोपरात दुमडावा. कोपरापासून चार ते सहा इंच खाली ओटा आला पाहिजे. पाय कमी-जास्त करता येणारे असतील तर इंच-दीड इंच तिथेच साधतो. तेवढ्याने भागत नसेल तर कमी उंचीचं कपाट मागा. ही बोलणी पैसे देण्याआधीची.

माप घेताना भिंतीवर विश्वास ठेवू नका. लादी बसल्यावर जमिनीलगत, ओट्याच्या उंचीवर आणि त्याच्याही वर, अशी तीन मापं घ्या आणि सगळ्यात लहान ते धरा. समजा ३०४८, ३०४१ आणि ३०३६ आलं. मग कपाटं ३००० ची घ्या आणि उरलेल्या ३६ मध्ये पट्टी बसवा. कोपऱ्यात तर पट्टी हवीच, नाहीतर एका बाजूचा ड्रॉवर दुसऱ्या बाजूच्या मुठीला अडतो.

जोडणीला दोन माणसं आणि एक मोकळा दिवस लागतो. सोबतच्या कागदावर बहुधा फक्त चित्रं असतात, एक शब्द नसतो. शब्दांवर जगणाऱ्या माझ्यासारख्याला ते जरा अपमानास्पदच वाटतं. तरी चित्रं नीट पाहावीत, विशेषतः फळीची कुठली कड पुढे आहे ते. सगळे भाग आधी मोजून घ्या. खोक्याचा पुठ्ठा जमिनीवर अंथरा, म्हणजे फळ्यांना ओरखडे येत नाहीत. आत एक गोल चकती असते. तिचा बाण बोल्ट येतो त्या भोकाकडे करायचा, बोल्ट आत घालायचा आणि चकती अर्धा फेरा फिरवायची. करकचून आवळू नका. भुश्शाची फळी आतून चुरते. सगळे सांधे आधी सैल बसवा, मग कर्ण मोजा. दोन्ही कर्ण सारखे आले तर कपाट काटकोनात आहे. त्यानंतरच मागची पातळ फळी ठोका, कारण कपाटाला ताठ धरते ती तीच. काढलेला स्क्रू पुन्हा लावताना आधी थोडा उलटा फिरवा. तो जुन्या आट्यात बसल्याचं हाताला कळतं, मग आवळा.

भिंतीवरची कपाटं आधी टांगावीत, खाली उभं राहायला जागा असते तोवर. नळ आणि स्विच यांच्या सरळ वर-खाली ड्रिल चालवू नका. आत पाइप किंवा वायर असू शकते. भिंत सिपोरेक्सच्या विटांची असेल तर साधी प्लास्टिकची गिट्टी धरत नाही, त्या विटांसाठी वेगळी गिट्टी मिळते. खालची कपाटं लावताना जमीन जिथे सर्वांत उंच आहे तिथून पातळी धरा.

आणि सिंकच्या पाइपसाठी तुम्ही किंवा प्लंबरने पाडलेलं प्रत्येक भोक, करवतीने कापलेली प्रत्येक कड उघडी राहते. पाणी फळीत शिरतं ते तिथूनच. तिथे बोटाने सिलिकॉन भरून एक रात्र सुकू द्या, मगच नळ सुरू करा. दारं शेवटी लावायची. बिजागरीचे स्क्रू फिरवून ती वर-खाली, डावी-उजवी, आत-बाहेर सरकवता येतात. डबे भरल्यावर महिन्याभरात ती थोडी उतरतात, तेव्हा तेच स्क्रू पुन्हा फिरवायचे. ती वाकडी चावी आणि उरलेले स्क्रू एका पिशवीत घालून सिंकखालच्या दाराला आतून चिकटवून ठेवा.