घाटातले अर्धा लिटर ऑइल

गेल्या माघातली गोष्ट. माझा भाचा आपल्या आईला, म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीला, मोटारसायकलवर मागे बसवून महाडहून भोरमार्गे पुण्यास निघाला होता. निघण्यापूर्वी शहाण्या मुलासारखी त्याने इंजिनातली ऑइलची पट्टी काढून पाहिली. पट्टीचे टोकही धड ओले होईना! समोरच दुकान होते, दुकानात ऑइलही होते. पण त्याच्या नेहमीच्या कंपनीचे नव्हते. आणि पुण्याच्या मेकॅनिकने त्याला बजावून ठेवले होते, "वाटेल ते करा, पण दोन कंपन्यांची ऑइलं एकत्र करू नका. इंजिन जाईल."

भाच्याने ही आज्ञा तंतोतंत पाळली. इंजिन गेले.

वरंधा घाटाच्या चढणीला आधी खडखड वाढली, मग गाडीची ताकद तुटली आणि मागचे चाक एकदम जागीच धरले. त्याने चटकन क्लच दाबला म्हणून दोघे सरळ उभे राहिले. एका अंगाला दरी होती. दोन तास कठड्यावर बसून काढल्यावर एका टेम्पोवाल्याने माणसे व गाडी भोरला पोहोचवली. रात्री फोनवर भाचा रडकुंडीस येऊन म्हणाला, "मामा, मी तर नियम पाळला हो!" तेवढ्यात पलीकडून ताईचा आवाज आला, "अरे, चकल्या तळताना कढईतलं तेल तळाला गेलं, तर मी काय मागच्याच डब्याचं तेल मिळेपर्यंत वाट बघत बसते?"

ताई मोटारीतली नव्हे, स्वयंपाकघरातली जाणकार. पण बोलली ते अक्षरशः खरे. शंभर सीसीच्या आसपासच्या गाडीत ऑइल असते सारे मिळून लिटरभर. त्यातले निम्मे गेले की उरलेल्यावर दुप्पट काम पडते. पिस्टन आणि सिलिंडर यांच्यामध्ये तेलाचा जो पातळ पापुद्रा असतो, तो नाहीसा झाला की धातूवर धातू घासते, तापून पिस्टन फुगतो आणि आतच अडकतो. शिवाय पुष्कळशा लहान गाड्यांना तेल कमी झाल्याचा इशारा देणारा दिवाही नसतो. इशारा मिळतो तो घाटात!

तेले मिसळू नयेत या धाकाला एके काळी आधार होता. १९०९ साली इंग्लंडात वेकफील्ड यांच्या कंपनीने इंजिनाच्या तेलात चक्क एरंडेल घातले, आणि एरंडाच्या 'कॅस्टर' या इंग्रजी नावावरूनच 'कॅस्ट्रॉल' हे नाव पडले. लहानपणी नाक दाबून घेतलेले तेच ते एरंडेल! ते वंगण म्हणून उत्तम. पण खनिज तेलाशी त्याचे जमत नाही, दोन्ही नीट एकजीव होत नाहीत. आज दुकानात मिळणारी मान्यताप्राप्त ऑइले मात्र एकमेकांत मिसळली पाहिजेत, ही मानकातलीच अट आहे. साधे आणि सिंथेटिक यांचेही वैर नाही. १०डब्ल्यू-३० मध्ये २०डब्ल्यू-५० ओतले तर दाटपणा दोहोंच्या मध्ये कुठेतरी येतो, इतकेच. प्रत्येक कंपनी आपल्या तेलात मळ धरणारी, झीज रोखणारी द्रव्ये स्वतःच्या प्रमाणात घालते. मिसळल्यावर ते प्रमाण थोडे बिघडते. म्हणून घरी पोहोचल्यावर लवकर सगळे ऑइल बदलावे.

मग वाटेल ते ओतावे काय? नव्हे! खरी मेख कंपनीच्या नावात नाही, क्लचमध्ये आहे. चारचाकीचा क्लच बहुधा कोरडा असतो. आपल्या बहुतेक मोटारसायकलींचा क्लच इंजिनाच्याच तेलात बुडालेला असतो. त्याच्या प्लेटांनी एकमेकींना घट्ट धरावे लागते. मोटारीच्या काही तेलांत इंधन वाचावे म्हणून घर्षण कमी करणारी द्रव्ये असतात. ती इथे आली की प्लेटा घसरू लागतात. इंजिन ओरडते आणि गाडी पुढे सरकत नाही. जपानच्या 'जासो' या मानक संस्थेने १९९८ साली दुचाकीच्या तेलांसाठी यावर तोड काढली. बाटलीच्या पाठीवर 'जासो एमए' किंवा 'एमए२' असेल तर ते ओल्या क्लचला चालते. 'एमबी' असेल तर ते बिनगिअरच्या स्कूटरचे. घरात सूनबाईंची स्कूटर आणि चिरंजीवांची मोटारसायकल शेजारी उभी असते, आणि माळ्यावर उरलेली अर्धी बाटली कुणाची हे कुणालाच आठवत नाही. तेव्हा ओतण्याआधी चष्मा लावून बाटली वाचावी.

आमच्या चेतकच्या काळी हा प्रश्नच नव्हता. टू-स्ट्रोक इंजिन, पंपावर पेट्रोलमध्ये ऑइल घालायचे, ते जळून धूर व्हायचे आणि मागचा माणूस खोकायचा!

पट्टी पाहण्याचीही रीत असते. इंजिन दोनतीन मिनिटे चालवून बंद करावे, तितकीच वाट पाहावी आणि गाडी मेन स्टँडवर सरळ उभी करून पट्टी पुसून बुडवावी. काही गाड्यांत ती आटे न फिरवता नुसती टेकवायची असते, काहींत पूर्ण आवळायची. ते गाडीच्या पुस्तकात दिलेले असते. भर घालताना थोडे ओतावे आणि पुन्हा पाहावे. वरच्या खुणेपलीकडे गेले की क्रँक ते घुसळून फेस करतो, आणि जास्तीचे तेल एअर फिल्टरपर्यंत जाऊन पोहोचते. तेल दुधाळ दिसले तर त्यात पाणी आहे. तिथे भर घालून भागत नाही, मेकॅनिकच गाठावा लागतो.

आणि तळणीच्या जुन्या तेलात ताजे घातले म्हणून ते ताजे होत नाही, तसेच इथेही. भर घातली तरी बदलण्याची तारीख पुढे सरकत नाही.

भाच्याच्या गाडीला नवा पिस्टन आणि सिलिंडर बसला. डिकीत आता 'एमए' लिहिलेली अर्ध्या लिटरची बाटली असते. भाऊबिजेला दोघे त्याच गाडीवरून येणार आहेत. ताईने मात्र निरोप धाडला आहे की, निघण्यापूर्वी पट्टी तीच पाहणार.