सार्वजनिक ग्रंथालयातील लेखकभेट : स्वरूप व प्रयोजन

ग्रंथांची देवघेव हे सार्वजनिक ग्रंथालयाचे मूलभूत कार्य होय. तथापि महाराष्ट्रातील ग्रंथालये केवळ देवघेवीपुरती मर्यादित राहिलेली नाहीत. 1840 मध्ये स्थापन झालेल्या नाशिकच्या सार्वजनिक वाचनालयाने ग्रंथसंग्रहाबरोबरच नाट्यगृहही उभारले, हे त्याचे ठळक उदाहरण होय.

लेखकभेटीचे प्रयोजन डॉ. शि. रा. रंगनाथन यांनी 1931 मध्ये प्रसिद्ध केलेल्या पंचसूत्रीत सापडते. त्यातील तिसरे सूत्र प्रत्येक ग्रंथाला त्याचा वाचक मिळावा, असे सांगते. कपाटात पडून राहिलेल्या ग्रंथाकडे लेखकाच्या निवेदनामुळे वाचकाचे लक्ष वेधले जाते. परंतु व्याख्यान ऐकून आलेल्या वाचकाला दुसऱ्या दिवशी ते पुस्तक ग्रंथालयात मिळाले नाही, तर निर्माण झालेली जिज्ञासा तेथेच विरते आणि उपक्रमाला केवळ उत्सवाचे स्वरूप येते.

म्हणून संबंधित लेखकाच्या पुस्तकांची पूर्वखरेदी, सभागृहात ग्रंथप्रदर्शन व तेथेच सभासद नोंदणी या तीन बाबी आवश्यक ठरतात. महाविद्यालयीन अध्यापकांनीही विद्यार्थ्यांकडून पुस्तक आधी वाचून घ्यावे व नंतरच त्यांना लेखकभेटीस न्यावे. त्यामुळे प्रश्नोत्तरे अर्थपूर्ण होतील. अशा कार्यक्रमाचे खरे मूल्यमापन ग्रंथालयाच्या देवघेव नोंदवहीतच होते.