भुलीची बंदूक: पैसा कुठे जातो आणि वाघ कशाने पकडला जातो

चंद्रपूर किंवा गडचिरोली जिल्ह्यात वाघाच्या हल्ल्यात माणूस गेला की गावातून दोन मागण्या येतात. वाघाला आजच्या आज जेरबंद करा, ही पहिली. दुसरी अशी की, वनखात्याकडची बंदूक जमत नसेल तर भारीतली आणा. पहिल्या मागणीमागचे दुःख खरे आहे. १० मे २०२५ रोजी सिंदेवाही तालुक्यात तेंदूपत्ता तोडायला गेलेल्या तीन महिला एकाच दिवशी वाघाच्या हल्ल्यात मरण पावल्या. अशा गावाला कुणी बाहेरून येऊन धीराचे पाठ देऊ नयेत. दुसरी मागणी मात्र चुकीच्या समजावर उभी आहे. त्या समजापायी पैसा नको तिथे खर्च होतो आणि वाघ हाताशी येऊनही निसटतो.

“महाग बंदूक असली की नेम चुकत नाही”

भूल देण्याची बंदूक म्हणजे मुळात इंजेक्शन दूरवर फेकणारी नळी. तिचे तीन प्रकार वापरात आहेत. सगळ्यात स्वस्त फुंकनळी: लांब, गुळगुळीत नळी आणि माणसाच्या छातीतली हवा. दुसरा प्रकार बारुदाच्या छोट्या काडतुसावर चालणारा. भारतात जुन्या पिढीच्या वन्यजीव डॉक्टरांनी वर्षानुवर्षे वापरलेली अमेरिकन ‘कॅपचर’ बंदूक याच जातीची. तिसरा प्रकार कार्बन डायऑक्साइड वायूवरचा. डेन्मार्कच्या डॅन-इंजेक्ट कंपनीची रायफल त्यात सर्वांत परिचित. आयात केलेली अशी रायफल सगळ्या साहित्यासह लाखांत जाते.

मग हे लाख कशाचे? नेमाचे नाहीत. ते दाबावरच्या नियंत्रणाचे आहेत. वायूच्या रायफलीवर दाब दाखवणारी तबकडी असते. जनावर १५ मीटरवर असेल तर कमी दाब, ३० मीटरवर असेल तर जास्त, असा तो हाताने ठरवता येतो. जवळच्या वाघावर जादा जोराने मारलेला डार्ट हाड मोडू शकतो किंवा पोटात घुसू शकतो. बारुदाच्या बंदुकीत हा जोर इतका बारकाईने कमीजास्त करता येत नाही, आणि तिचा आवाजही मोठा. पिंजऱ्यातल्या किंवा पाच-सात मीटरवरच्या बिबट्यासाठी मात्र लाखांच्या रायफलीपेक्षा फुंकनळी उजवी ठरते. तिला आवाज नाही आणि मारही हलका. म्हणजे स्वस्त साधन दुय्यम नाही, त्याचे अंतर वेगळे आहे.

खरा फरक पडतो तो बंदुकीत नव्हे, डार्टमध्ये. हवेच्या दाबाचा डार्ट दोन कप्प्यांचा असतो. पुढच्या कप्प्यात औषध, मागच्या कप्प्यात झडपेतून भरलेली दाबाखालची हवा आणि मधे रबरी दट्ट्या. सुईचे टोक बंद असते, छिद्र असते बाजूला. त्या छिद्रावर सिलिकॉनचे इवलेसे वेष्टण सरकवलेले असते. सुई कातडीत शिरली की वेष्टण मागे सरकते, छिद्र उघडे पडते आणि हवा दट्ट्याला ढकलून औषध स्नायूत सोडते. मागचा रंगीत गोंडा उडताना डार्ट सरळ ठेवतो आणि तो लागला कुठे हे दुरून दाखवतो.

आता यातले वेष्टण सैल असेल तर औषध वाटेतच सांडते. दट्ट्या सुकून चिकटला असेल तर डार्ट मांडीत रुतून बसतो आणि वाघाला काहीच होत नाही. बाहेरून पाहणाऱ्याला वाटते, नेम बसला, औषधच बोगस. अनेकदा वापरलेला डार्ट, कापला गेलेला वेष्टणाचा तुकडा, बोथट सुई हे सगळे बंदुकीच्या किमतीपुढे किरकोळ खर्चाचे भाग आहेत. मोहीम मात्र त्यांच्यावरच अडते. आदल्या दिवशी डार्टमध्ये पाणी आणि हवा भरून गळती तपासणारे पथक जुन्या रायफलीनेही काम करते. न तपासणाऱ्याला नवी रायफल काही मदत करत नाही. जिल्ह्याच्या पातळीवर खरेदी करताना रायफलींची संख्या वाढवण्याआधी नवे डार्ट, सुया आणि सरावासाठी वेगळा साठा घ्यावा, असे माझे स्पष्ट मत आहे.

“लांबूनच मारायचे, जवळ जायची गरज काय?”

गडचिरोलीत पोलिसांच्या हातातली इन्सास रायफल सगळ्यांनी पाहिलेली आहे. तिची गोळी सेकंदाला ९०० मीटरच्या आसपास वेगाने जाते. डार्टचा वेग त्याच्या दहाव्या हिश्शाच्या आसपास, बरेचदा त्याहूनही कमी. तो जड असतो, वाटेत खाली झुकतो, आणि बांबूची एक काडी मधे आली तरी दिशा बदलतो. कंपनीच्या पत्रकात पल्ला कितीही छापलेला असो, वाघावर भरवशाने डार्ट टाकायचा तर अंतर सहसा ३० मीटरच्या आत हवे. जनावर आडवे उभे हवे, आणि मांडीचा किंवा खांद्याचा जाड स्नायू मोकळा दिसायला हवा. ब्रह्मपुरी किंवा वडसाच्या झुडपी जंगलात असा क्षण बरेचदा दिवसभरात एकदाही येत नाही, म्हणून पथके मचाणावर आणि गाडीत ताटकळत बसतात. त्या बसण्याला गावात निष्क्रियता म्हणतात, पण कामाचा मोठा भाग तोच असतो.

“डार्ट लागला की वाघ जागेवर पडतो”

सिनेमाने पसरवलेला हा समज सगळ्यात घातक आहे. भारतात वाघ-बिबट्यांसाठी सर्रास वापरतात ते झायलाझिन आणि केटामिन यांचे मिश्रण. त्यांचे एक ठरलेले प्रमाण म्युनिकच्या हेलाब्रुन प्राणिसंग्रहालयात बसवले गेले आणि त्याच नावाने जगभर ओळखले जाते. ते चढायला साधारण पाच ते पंधरा मिनिटे लागतात. तेवढ्यात वाघ किती दूर जाईल याचा नेम नाही. डार्ट लागल्यावर त्याच्या मागे धावायचे नसते. त्याला शांतपणे कुठेतरी बसू द्यायचे असते.

इथे गर्दीचा प्रश्न येतो. आरडाओरडा, फटाके, दुचाकी, मोबाइल उंचावलेले शेकडो हात, यांनी बिथरलेल्या जनावराच्या अंगात अॅड्रेनॅलिन उसळते आणि तेच औषध उशिरा, अर्धवट चढते. अर्धवट भुलीतला वाघ शुद्धीतल्या वाघाहून धोक्याचा, कारण तो कुठे वळेल हे त्यालाही कळत नसते. गाव ५०० मीटर मागे सरले तर डार्टमधल्या औषधाची परिणामकारकता खरोखर वाढते. हा शिष्टाचाराचा नव्हे, शरीरशास्त्राचा भाग आहे.

“मग दुप्पट औषध द्या,” असेही ऐकू येते. मात्रा वजनावर ठरते, आणि वजन डॉक्टरने दुरून नजरेने जोखायचे असते. मादी सव्वाशे-दीडशे किलोची, पूर्ण वाढलेला नर २०० किलोच्या पुढे. झायलाझिनने वांती होते. भरल्या पोटी ती श्वासनलिकेत गेली तर वाघ दगावतो. शरीराचे तापमान सांभाळण्याची यंत्रणाही मंदावते, आणि चंद्रपूरच्या मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या वर असताना पडलेल्या वाघावर सतत पाणी टाकावे लागते. केटामिनच्या गुंगीत डोळे उघडेच राहतात, म्हणून त्यांत मलम घालून वर काळे फडके टाकतात. ‘बघा, तो तर जागाच आहे!’ असे म्हणत पळापळ होते, ती इथेच. झायलाझिनवर योहिम्बिन किंवा अॅटिपॅमेझोल हा उतारा आहे. केटामिनवर उतारा नाही, ते शरीरातून आपोआप जाईपर्यंत वाट पाहावी लागते. शिवाय केटामिन २०११ पासून अमली पदार्थांच्या कायद्याखाली येते. त्याच्या थेंबाथेंबाचा हिशेब ठेवावा लागतो. कुणा हौशी माणसाने बंदूक विकत घेतली तरी तिच्यात भरायला त्याच्याकडे काही नसते.

“विहिरीत पडलेल्या बिबट्याला आधी इंजेक्शन मारा”

पाणी असलेल्या विहिरीत हे कधीच करू नये. भूल चढताच तो बुडतो. दोराने खाट किंवा फळी सोडायची, त्याला टेकू मिळू द्यायचा, मग पिंजरा उतरवायचा. बंदुकीचे तिथे काम नाही. झाडावर चढलेल्या बिबट्याचेही तसेच: खाली जाळे धरल्याशिवाय डार्ट नाही.

“परवानगी म्हणजे कागदी घोडे”

वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ नुसार जिवंत पकडणे हेदेखील शिकारीच्या व्याख्येत येते. कलम ११ प्रमाणे वाघासारख्या पहिल्या अनुसूचीतल्या प्राण्याबाबत लेखी आदेश काढण्याचा अधिकार फक्त राज्याच्या मुख्य वन्यजीव रक्षकाला आहे. जिल्हाधिकारी, पोलीस किंवा ग्रामसभा तो देऊ शकत नाहीत. पकडणे, बेशुद्ध करणे किंवा दुसरीकडे हलवणे शक्य नाही याची खात्री झाल्याशिवाय मारण्याचा आदेश काढता येत नाही, असेही कलमातच लिहिले आहे. राष्ट्रीय व्याघ्र संवर्धन प्राधिकरणाच्या २०१३ च्या कार्यपद्धतीत स्थानिक पंचायतीच्या प्रतिनिधीला समितीत जागा आहे. ही जागा गावांनी हक्काने मागावी, कारण हल्ला करणारा वाघ नेमका कोणता हे कॅमेरा ट्रॅपच्या छायाचित्रांतील पट्ट्यांवरून ठरवताना गावकऱ्यांची माहिती मोलाची असते. घाईत भलताच वाघ पकडला गेला तर हल्ले थांबत नाहीत.

नेमका वाघ पकडला गेल्याचे उदाहरण म्हणजे सीटी-१. या वाघाच्या नावावर वडसा, भंडारा आणि ब्रह्मपुरी परिसरातले १३ मृत्यू होते. १३ ऑक्टोबर २०२२ रोजी तो वडसा वनविभागात बेशुद्ध करून पकडला गेला आणि नागपूरच्या गोरेवाडा बचाव केंद्रात नेला गेला.

“एकदा भूल दिलेला वाघ कायमचा निकामी होतो”

सीटी-१ जंगलात परत सोडला गेला नाही तो माणसांवरच्या हल्ल्यांमुळे. औषधाने त्याचे काही बिघडले होते म्हणून नव्हे. निरोगी जनावरातून हे औषध पूर्णपणे निघून जाते. २०२३ मध्ये चंद्रपूर जिल्ह्यातल्या वाघिणी नवेगाव-नागझिरा व्याघ्र प्रकल्पात सोडल्या गेल्या. २०२४ मध्ये ताडोबात भूल देऊन पकडलेल्या जमुना आणि झीनत या वाघिणी ओडिशातल्या सिमिलिपाल व्याघ्र प्रकल्पात गेल्या. झीनत तिथून निघाली, झारखंड ओलांडून पश्चिम बंगालमध्ये शिरली, आणि २९ डिसेंबर २०२४ रोजी बांकुडा जिल्ह्यात तिला दुसऱ्यांदा भूल द्यावी लागली. दोन वेळा भूल मिळूनही ती पुन्हा सिमिलिपालच्या जंगलात पोहोचली.