डाव्या वळणाची गोगलगाय

पावसाळा सुरू झाला की शाळेच्या कुंपणावर, झाडांच्या बुंध्यांवर गोगलगायी दिसू लागतात. मुले विचारतात, "ही कुठली?" एखादा रिकामा शंख हाती असेल, तर उत्तराची सुरुवात वर्गातच करता येते.

शंखाचे निमुळते टोक वर आणि तोंड आपल्याकडे करून धरा. तोंड उजवीकडे आले तर शंख उजव्या वळणाचा, डावीकडे आले तर डाव्या वळणाचा. (पूजेतला शंख आपण टोक खाली धरून पाहतो. म्हणून दुर्मिळ 'दक्षिणावर्ती' शंख प्राणिशास्त्रात डाव्या वळणाचा ठरतो!) बहुतेक गोगलगायी उजव्या वळणाच्या असतात. सह्याद्रीच्या जंगलात राहणारी 'अ‍ॅरिओफँटा लीव्हिपेस' मात्र डाव्या वळणाची आहे. म्यूलर या डॅनिश शास्त्रज्ञाने १७७४ मध्ये या जातीला नाव दिले.

पण एवढ्या एकाच खुणेवर विसंबू नये. अ‍ॅरिओफँटाच्या इतर काही जातीही डाव्या वळणाच्या असतात. उजव्या वळणाच्या जातींतही क्वचित एखादी उलट्या वळणाची निघते. म्हणून शंख चपटा की उंच, वळसे किती, तो कोठे सापडला, हेही नोंदवावे. जात नक्की करण्यासाठी कधीकधी शरीराची आतली रचनाही तपासावी लागते.

जंगलातील गोगलगायींना ओलावा हवा, तसेच शंख घडवण्यासाठी कॅल्शियमही हवे. पालापाचोळा आणि कुजलेली लाकडे हे त्यांचे घर. कुजकी पाने आणि बुरशी खाऊन त्या जमिनीचा कस राखायला मदत करतात. पाचोळा जाळला की त्यांचे घर जाते.

ही ओळख का महत्त्वाची? २०२२ च्या पावसाळ्यात मराठवाड्यात गोगलगायींनी सोयाबीनची कोवळी रोपे फस्त केली. पिकांवरील उपद्रवासाठी कुप्रसिद्ध असलेली मोठी आफ्रिकन गोगलगाय १८४७ मध्ये मॉरिशसहून कलकत्त्यात आली. तिचा शंख उंच, टोकदार, उजव्या वळणाचा आणि तपकिरी पट्ट्यांचा असतो. अ‍ॅरिओफँटाचा शंख त्या मानाने लहान आणि चपटा. दोघींतला फरक माहीत नसेल, तर उपद्रवी पाहुणीबरोबर निरुपद्रवी घरच्या गोगलगायीवरही मीठ पडते.

येत्या पावसाळ्यात विद्यार्थ्यांना रिकामे शंख गोळा करून डावे-उजवे वेगळे करायला सांगा. जिवंत गोगलगायी उघड्या हातांनी उचलू नयेत. त्यांच्यात रोगकारक कृमी असू शकतात. काम झाल्यावर सर्वांनी साबणाने हात धुवावेत.